आज्ञावली रूपरेखन

संगणकावर प्रत्यक्ष चालू असलेल्या आज्ञावलीतील कोणता भाग किती वेळा वापरला जातो व त्यात किती काळ खर्च होतो, याची मोजणी करून तिच्या वर्तनाचे संख्यात्मक चित्र मिळविण्याच्या तंत्राला आज्ञावली रूपरेखन किंवा प्रोफायलिंग म्हणतात. या चित्राला त्या आज्ञावलीची रूपरेखा असे नाव आहे. रूपरेखनाचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी फंक्शनांच्या आवाहनांची गणना हा सर्वांत मूलभूत प्रकार असून प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याचाच विचार केला आहे.

मोठी आज्ञावली ही आदेशांची एकच सलग मालिका नसते. विशिष्ट काम करणारे आदेश एकत्र करून त्यांना एक नाव दिलेले असते आणि ते काम हवे असेल तेथे केवळ त्या नावाचा उल्लेख केला जातो. अशा नामांकित आदेशसमूहास फंक्शन वा उपआज्ञावली म्हणतात आणि त्याच्याकडून काम करून घेण्याच्या क्रियेस आवाहन किंवा कॉल म्हणतात. आवाहन होताच संगणक चालू आदेशांचा क्रम सोडून फंक्शनाच्या पहिल्या आदेशाकडे जातो व काम संपल्यावर जेथून आला तेथे परततो. परतीचा पत्ता सामान्यतः चळत किंवा स्टॅक नावाच्या स्मृतिभागात ठेवलेला असतो. आज्ञावलीच्या लिखित मजकुरात एखादे आवाहन एकाच ओळीत असले, तरी प्रत्यक्षात ते एकदाही न घडणे किंवा कोट्यवधी वेळा घडणे शक्य असते. कारण ती ओळ आवर्तनात असू शकते, एखाद्या अटीवर अवलंबून असू शकते किंवा ती ज्या फंक्शनात आहे त्याचेच आवाहन असंख्य वेळा होत असते. त्यामुळे मजकूर वाचून आवाहनांची संख्या सांगणे सर्वसाधारणपणे शक्य होत नाही. ती मोजावीच लागते.

अशा मोजणीचे महत्त्व एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. वीजग्राहकांची ५०,००० देयके तयार करणाऱ्या आज्ञावलीत थकबाकीवरील व्याज काढणारे एक फंक्शन आहे. प्रत्येक ग्राहकामागे त्याचे एकदा आवाहन व्हावे अशी आज्ञावलीकाराची कल्पना आहे. मोजणीत आवाहने १,५०,००० आढळली, तर देयकांतील सर्व आकडे बरोबर असूनही काम तिप्पट होत आहे, असे कळते. उत्तर बरोबर येत असल्याने हा दोष नेहमीच्या चाचणीत सापडत नाही. अपेक्षित संख्या व प्रत्यक्ष संख्या यांतील तफावत हीच त्याची खूण असते.

मराठीत ‘किती वेळा’ व ‘किती वेळ’ या दोन प्रश्नांत केवळ एका कान्याचे अंतर आहे. मापनाच्या दृष्टीने मात्र हे दोन प्रश्न अगदी भिन्न स्वरूपाचे आहेत. आवाहनांची संख्या हा पूर्णांक असतो. एकाच क्रमाने चालणाऱ्या आज्ञावलीला तीच माहिती पुन्हा पुरविली, तर आज मिळालेली संख्या उद्याही मिळते व धिम्या संगणकावर मिळालेली संख्या वेगवान संगणकावरही तीच येते. कालावधीचे तसे नसते. त्याच संगणकावर इतर कोणती कामे चालू आहेत, लागणारी माहिती द्रुतस्मृतीत आहे की मुख्य स्मृतीत, प्रक्रियक तापल्याने त्याची गती कमी झाली आहे काय, अशा अनेक गोष्टींवर तो अवलंबून असतो. म्हणून आवाहनांची गणना अचूक असू शकते, तर कालमापन हे बहुधा अनुमानच असते. व्यवहारात दोन्हींची गरज पडते. परंतु एकाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून वाचले की चुकीचे निष्कर्ष निघतात. रूपरेखनाच्या इतिहासातील बऱ्याच अडचणी या गफलतीतून उद्भवलेल्या आहेत.

केवळ संख्येवरून आज्ञावलीच्या रचनेतील दोष कसा दिसतो, याचे नेहमीचे उदाहरण हेमचंद्र-फिबोनाची श्रेढीचे आहे. या श्रेढीतील प्रत्येक पद आधीच्या दोन पदांच्या बेरजेइतके असते. ही व्याख्या जशीच्या तशी उतरवून फंक्शन लिहिले, तर तिसावे पद काढण्यासाठी ते एकोणतिसाव्या व अठ्ठाविसाव्या पदांसाठी स्वतःचेच आवाहन करते आणि ती आवाहनेही पुढे तसेच करतात. ८,३२,०४० हे तिसावे पद मिळेपर्यंत एकूण २६,९२,५३७ आवाहने होतात. कालमापनातून केवळ एवढेच कळेल, की सर्व काळ या एकाच फंक्शनात गेला. आणि ते तर आधीच माहीत होते. तीस पदांसाठी सव्वीस लाखांवर आवाहने हा आकडा मात्र तीच ती पदे पुन्हापुन्हा काढली जात आहेत, हे स्पष्ट करतो. एकदा काढलेले पद स्मृतीत जपून ठेवण्याची तरतूद केली, की आवाहने ५९ वर येतात. अशा वेळी फंक्शनातील बेरजेचा आदेश अधिक जलद करण्यात शक्ती घालविणे व्यर्थ होय.

ऐतिहासिक समालोचन : केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने मे १९४९ मध्ये पहिली आज्ञावली पार पाडली. त्यावर काम करताना डेव्हिड जॉन व्हीलर यांनी उपआज्ञावलीकडे जाण्याची व तेथून मूळ जागी परतण्याची पद्धत तयार केली. मॉरिस व्हिन्सेंट विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल यांच्या १९५१ मधील ग्रंथामुळे उपआज्ञावलींच्या संग्रहांची कल्पना रूढ झाली. एकच आदेशसमूह अनेक ठिकाणांहून वापरला जाऊ लागल्यावर तो कोठून व किती वेळा वापरला जातो, हा प्रश्न निर्माण होणे स्वाभाविक होते.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉनल्ड अर्विन क्नूथ यांनी केला. फोर्ट्रान भाषेतील, प्रत्यक्ष वापरातल्या आज्ञावली गोळा करून त्यांनी त्यांतील विधाने किती वेळा पार पडतात हे मोजले व १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज्ञावलीच्या चार टक्क्यांहून कमी भागातच सामान्यतः निम्म्याहून अधिक काळ खर्च होतो, असे त्यांना आढळून आले. हा चार टक्के भाग कोणता, याविषयीचे आज्ञावलीकारांचे अंदाज बहुधा चुकतात, हा त्यानंतरचा सार्वत्रिक अनुभव आहे. मोजमाप न करता केलेल्या सुधारणांविषयी क्नूथ यांनी १९७४ मध्ये दिलेला इशारा संगणकशास्त्रात फार वेळा उद्धृत केला जातो. मात्र मोजमापाने दाखविलेल्या थोड्या भागाकडे दुर्लक्ष करू नये, हा त्याच परिच्छेदातील उत्तरार्ध बहुधा गाळला जातो.

युनिक्स या प्रचालन प्रणालीत १९७३ पासून प्रॉफ हे साधन होते. प्रत्येक फंक्शनात गेलेला काळ व त्याच्या आवाहनांची संख्या यांची सरळ यादी ते देत असे. आज्ञावली लहान असेपर्यंत ही यादी पुरेशी होती. परंतु अनेक लहान फंक्शनांत विभागलेल्या आज्ञावलीत काळही तसाच विखुरतो. यादीत सर्वांत वर एखादे क्षुद्र फंक्शन, उदा., दोन शब्दांची तुलना करणारे, दिसते; पण ती तुलना कोणासाठी चालली आहे हे कळत नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील सूझन ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल कर्क मॅक्यूझिक यांनी १९८२ मध्ये सादर केलेल्या जीप्रॉफ या साधनाने ही उणीव दूर केली. कोणत्या फंक्शनाचे किती वेळा आवाहन झाले याबरोबरच कोणी आवाहन केले, हेही ते नोंदवू लागले. त्यामुळे आवाहक व आवाहित यांचा आलेख तयार होऊ लागला. बर्कलीच्याच युनिक्स आवृत्तीच्या गाभ्यावर या साधनाचा प्रयोग केला गेला. फाइलचे नाव वाचून ती फाइल शोधणारे फंक्शन फार खर्चिक आहे, असे मोजमापांतून दिसले व १९८६ च्या ४·३ बीएसडी या आवृत्तीत अलीकडे शोधलेली नावे जपून ठेवण्याची सोय करण्यात आली.

गणनेच्या पद्धती : आवाहने मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक फंक्शनाच्या प्रारंभी एक गणित्र बसविणे. हे काम आज्ञावलीकाराने हाताने करण्याऐवजी आज्ञावलीचे यांत्रिक भाषेत रूपांतर करणाऱ्या भाषांतरकाकडे किंवा कंपायलरकडे सोपविले जाते. विशिष्ट सूचना दिली असता भाषांतरक प्रत्येक फंक्शनाच्या आरंभी एका मापक फंक्शनाचे आवाहन घालतो. युनिक्स परंपरेत या मापकास एमकाउंट असे नाव आहे. चळतीवरील परतीचा पत्ता पाहून आवाहन कोठून झाले हे एमकाउंट ओळखतो, आवाहक व आवाहित यांच्या जोडीसाठी राखलेली स्मृतीतील जागा शोधतो व तेथील संख्या एकने वाढवितो. आज्ञावली संपताना सर्व संख्या एका फाइलमध्ये लिहिल्या जातात. ज्या आज्ञावलींचा मूळ मजकूर उपलब्ध नसतो, त्यांच्या यांत्रिक भाषेतील रूपातच अशी भर घालण्याची साधने पुढे तयार झाली. अमिताभ श्रीवास्तव व ॲलन यूस्टेस यांचे १९९४ मधील ॲटम हे त्यांपैकी एक होय.

फंक्शनाच्या आतील शाखाही मोजावयाच्या असतील, तर प्रत्येक शाखेवर गणित्र बसविणे महाग पडते व ते अनावश्यकही असते. विद्युत् मंडलातील एखाद्या बिंदूपाशी येणाऱ्या प्रवाहांची बेरीज तेथून जाणाऱ्या प्रवाहांच्या बेरजेइतकी असते, हा गुस्टाफ रॉबर्ट किरखोफ यांचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. फंक्शनात १,००० वेळा प्रवेश झाला आणि अटीची ‘होय’ शाखा ९४० वेळा घेतली गेली, तर ‘नाही’ शाखा ६० वेळा घेतली गेली हे न मोजताच कळते. आज्ञावलीचा प्रवाह बिंदू व कडा यांच्या आलेखाने दाखविला आणि सर्व बिंदूंना जोडणारा, परंतु कोठेही वर्तुळ न होऊ देणारा कडांचा संच म्हणजे वृक्ष निवडला, तर त्या वृक्षाबाहेरील कडांवरच गणित्रे पुरतात. उदा., निर्गमापासून पुन्हा प्रवेशाकडे जाणारी कल्पित कडा धरून १० बिंदू व १४ कडा असतील, तर वृक्षात ९ कडा येतात व ५ गणित्रांत काम भागते. क्नूथ व स्टीव्हन्सन यांनी १९७३ मध्ये गणित्रांच्या किमान संख्येचा विचार केला. टॉमस बॉल व जेम्स लारस यांनी १९९४ मध्ये याचा पुढचा भाग विकसित केला : वारंवार वापरल्या जाणाऱ्या कडा वृक्षात याव्यात व गणित्रे क्वचित वापरल्या जाणाऱ्या कडांवर पडावीत, अशी निवड केल्यास मोजणीचा भार बराच कमी होतो. आज्ञावली मध्येच थांबविली गेली किंवा चूक घडून फंक्शनातून अकस्मात बाहेर पडली, तर प्रवाहाचे हे समीकरण बिघडते. त्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी लागते.

दुसरी पद्धत नमुना निवडीची आहे. या पद्धतीत गणित्रे नसतात. ठराविक काळाने, उदा., सेकंदाला १०० वेळा, आज्ञावली क्षणभर थांबवून त्या वेळी कोणते फंक्शन चालू आहे याची नोंद केली जाते. ज्या फंक्शनात अधिक काळ जातो ते अधिक नमुन्यांत आढळते. या पद्धतीचा भार अत्यल्प असतो. पण तिला संख्याशास्त्रीय मर्यादा आहेत. एखादे फंक्शन १०० नमुन्यांत आढळले, तर त्यातील अनिश्चितता साधारणतः १०० च्या वर्गमुळाइतकी म्हणजे १० नमुन्यांची असते. ४ नमुन्यांत आढळले, तर ती २ म्हणजे निम्मी होते. शिवाय नमुन्यावरून आवाहनांची संख्या कळत नाही. एकदाच आवाहन होऊन दहा सेकंद चाललेले फंक्शन व दहा लाख वेळा आवाहन होऊन दर वेळी शतसहस्रांश सेकंद चाललेले फंक्शन ही नमुन्यांत सारखीच दिसतात. या दोहोंवरील उपाय मात्र अगदी वेगळे असतात. पहिल्यात फंक्शन सुधारावे लागते व दुसऱ्यात बहुधा त्याचा आवाहक.

जीप्रॉफमधील कालवाटप : जीप्रॉफमध्ये वरील दोन्ही पद्धतींचा संयोग आहे. आवाहने गणित्रांनी मोजली जातात, तर काळ नमुन्यांवरून काढला जातो. त्यानंतर प्रत्येक फंक्शनाचा काळ त्याच्या आवाहकांमध्ये आवाहनांच्या प्रमाणात वाटला जातो. फंक्शने परस्परांचे आवाहन करीत असतील व त्यामुळे आलेखात चक्र निर्माण होत असेल, तर चक्रातील सर्व फंक्शनांचा एकच गट मानला जातो. या वाटपामागे एक गृहीतक आहे : आवाहन कोणीही केलेले असो, प्रत्येक आवाहनास सारखाच काळ लागतो. साधनाच्या कर्त्यांनी हे गृहीतक लपविलेले नाही. परंतु वापरणाऱ्यांच्या ते लक्षात राहतेच असे नाही.

समजा, यादीत एखादे नाव शोधणारे एक फंक्शन आहे. त्याचे ‘अ’ या फंक्शनाने ९०० वेळा व ‘आ’ याने १०० वेळा आवाहन केले आणि शोधण्यात एकूण १० सेकंद गेले. जीप्रॉफ ९ सेकंद ‘अ’च्या व १ सेकंद ‘आ’च्या नावे टाकील. आता ‘अ’च्या याद्या दहा-दहा नावांच्या व ‘आ’च्या दहा-दहा हजार नावांच्या असून प्रत्येक वेळी संपूर्ण यादी तपासावी लागत असेल, तर ‘अ’मुळे ९,००० तुलना होतात आणि ‘आ’मुळे १०,००,०००. म्हणजे वस्तुतः ९९ टक्क्यांहून अधिक काळ ‘आ’मुळे खर्च झाला. मोजणी पूर्णपणे अचूक आहे, एकूण काळही बरोबर आहे, तरी अहवाल वाचणारा आपले सर्व श्रम ‘अ’ सुधारण्यात घालवील व आज्ञावलीचा वेग जवळजवळ होता तेवढाच राहील. पुढील काळातील बऱ्याच साधनांत प्रत्येक नमुन्याच्या वेळी संपूर्ण चळतच नोंदवून हे गृहीतक टाळले आहे. चळतीत आवाहकांची सबंध साखळी असल्याने काळ कोणाच्या नावे टाकावा हे वेगळे ठरवावे लागत नाही. अशा हजारो चळती एकावर एक रचून दाखविणाऱ्या आकृतीस ज्वालालेख म्हणतात. ब्रेंडन ग्रेग यांनी ती २०११ मध्ये प्रचारात आणली.

चालू आज्ञावलीत गणित्रे बसविणे : एमकाउंटसारख्या पद्धतीत आज्ञावलीचे पुन्हा भाषांतर करावे लागते. अहोरात्र चालणाऱ्या प्रणाली त्यासाठी थांबविता येत नाहीत. शिवाय दोष अनेकदा त्या विशिष्ट चालू स्थितीतच प्रकट होतो. यासाठी आज्ञावली चालू असतानाच तिच्या आदेशांत तात्पुरता बदल करण्याची तंत्रे विकसित झाली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो व ॲडम लेव्हेंथाल यांनी तयार केलेले डीट्रेस हे साधन २००५ मध्ये सोलॅरिस १० या प्रचालन प्रणालीबरोबर प्रसृत झाले. लिनक्सच्या गाभ्यात स्टीव्हन रोस्टेट यांचे एफट्रेस हे साधन २००८ मध्ये समाविष्ट झाले. एफट्रेसमध्ये फंक्शनांच्या आरंभीच्या मापक आवाहनांच्या जागी काहीही न करणारा रिक्त आदेश भरून ठेवलेला असतो. मोजणी हवी असेल तेव्हा त्या जागी पुन्हा आवाहन लिहिले जाते व काम झाल्यावर रिक्त आदेश परत आणला जातो. त्यामुळे मोजणी चालू नसताना भार जवळजवळ शून्य राहतो.

चालू आदेश बदलणे किती नाजूक काम आहे, याचा प्रत्यय त्याच वर्षी आला. लिनक्सच्या २·६·२७ या आवृत्तीच्या चाचणीकाळात इंटेलच्या एका प्रकारच्या जालपत्रांतील म्हणजे नेटवर्क कार्डांतील स्थायी स्मृती पुसली जाऊन ती निकामी होऊ लागली. संशय प्रथम अर्थातच त्या पत्रांच्या नियंत्रक आज्ञावलीवर गेला. शोधान्ती कारण एफट्रेस हे निघाले. बदलावयाच्या जागांचे पत्ते हे साधन आधी नोंदवून ठेवीत असे व बदल काही काळाने करीत असे. मधल्या काळात काही फंक्शनांचे काम संपून त्यांनी व्यापलेली जागा मोकळी केली जाई व तोच पत्ता जालपत्राच्या स्थायी स्मृतीस दिला जाण्याची शक्यता असे. साधन त्या पत्त्यावर ‘अपेक्षित आदेश असेल तरच बदला’ असा तुलना करून लिहिणारा आदेश वापरीत असे. सामान्य स्मृतीवर हा आदेश सुरक्षित होता. उपकरणाच्या स्मृतीवर मात्र तुलना फसली तरी लेखनाची क्रिया घडत असे. पुढे बदलाच्या जागा आज्ञावली चालू असताना गोळा करण्याऐवजी भाषांतराच्या वेळीच निश्चित करण्यात येऊ लागल्या. केवळ निरीक्षणासाठी केलेल्या साधनाने निरीक्षित यंत्राची कायमची हानी करावी, असे प्रसंग विरळा.

मर्यादा : मोजणीचे सौम्य दुष्परिणाम मात्र नित्याचे आहेत. एखाद्या फंक्शनात पाचच आदेश असतील व मापकाचे दहा आदेश त्याला जोडले गेले, तर त्याचा काळ तिप्पट होऊ शकतो. हजारो आदेशांच्या फंक्शनावर तोच भार जाणवतही नाही. त्यामुळे गणित्रे बसविलेल्या आज्ञावलीचे त्याच वेळी केलेले कालमापन लहान फंक्शनांवर अन्याय करते. आवाहनांची संख्या व काळ स्वतंत्र फेऱ्यांत मोजणे हा साधा उपाय आहे.

भाषांतरक आज्ञावली जलद करण्यासाठी लहान फंक्शनाचे आदेश आवाहनाच्या जागीच उतरवितो. याला अंतर्वेशन म्हणतात. असे झाले की यंत्राच्या दृष्टीने आवाहन उरतच नाही व काही साधनांत त्या फंक्शनाची संख्या शून्य दिसते. ती टाळण्यासाठी अंतर्वेशन बंद केले, तर मोजली जाणारी आज्ञावली प्रत्यक्ष वापरातील आज्ञावलीहून वेगळी होते.

अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी चालणाऱ्या आज्ञावलीत गणनेची अचूकताही धोक्यात येते. गणित्रात ४१ ही संख्या असताना दोन प्रक्रियकांनी ती एकाच वेळी वाचली, प्रत्येकाने १ मिळविला व परत लिहिली, तर गणित्रात ४३ ऐवजी ४२ येतात. वाचणे व लिहिणे यांमध्ये दुसऱ्यास येऊ न देणारे अविभाज्य आदेश वापरल्यास हा दोष जातो. पण प्रक्रियकांना परस्परांसाठी थांबावे लागते. म्हणून प्रत्येक प्रक्रियकासाठी वेगळे गणित्र ठेवून शेवटी बेरीज करण्याची पद्धत अधिक सोयीची ठरली आहे. गणित्राचा आकारही विचारात घ्यावा लागतो. ३२ अंकस्थानांच्या द्विमान गणित्रात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या मावते. सेकंदाला एक कोटी आवाहने होत असतील, तर सुमारे सात मिनिटांत ते भरून पुन्हा शून्यापासून सुरू होते. यामुळे ६४ अंकस्थानांची गणित्रे वापरणे इष्ट असते.

उपयोग : आज्ञावलीचा वेग वाढविण्यासाठी नेमके कोठे लक्ष द्यावे हे ठरविणे, हा रूपरेखनाचा प्रमुख उपयोग होय. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन या संगणकीय खेळाचे उदाहरण २०२१ मध्ये बरेच गाजले. हा खेळ सुरू होण्यास कित्येक मिनिटे लागत व वर्षानुवर्षे खेळाडूंनी ते अपरिहार्य मानले होते. मूळ मजकूर हाती नसलेल्या एका वापरकर्त्याने चळतींचे नमुने घेऊन काळ दोन ठिकाणी जातो असे दाखविले. खेळातील सुमारे ६३,००० वस्तूंची १० मेगाबाइटांची यादी वाचताना प्रत्येक अंश वाचण्यापूर्वी उरलेल्या सबंध मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती. शिवाय वाचलेली प्रत्येक वस्तू आधी आलेली नाही ना, हे पाहण्यासाठी तिची आधीच्या सर्व वस्तूंशी तुलना होत होती. दुसऱ्या कामातील तुलनांची संख्या १९८ कोटींवर जाते. यादीत एकही वस्तू दुबार नसल्याने या सर्व तुलना निष्फळ होत्या. दोन्ही दोष दूर करताच त्याच्या संगणकावरील सुमारे सहा मिनिटांचा आरंभकाळ दोन मिनिटांच्या आत आला. खेळाच्या निर्मात्यांनी त्यानुसार सुधारणा केली व त्याला १०,००० डॉलरचे पारितोषिक दिले. लांबी मोजणारे फंक्शन स्वतः निर्दोष व अतिशय जलद होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आवाहनांच्या संख्यांचा उपयोग आज्ञावलीकाराप्रमाणे यंत्रणाही स्वतः करून घेते. जावा भाषेसाठी १९९९ मध्ये आलेल्या हॉटस्पॉट या यंत्रणेत प्रत्येक फंक्शन प्रथम सावकाश, एकेक आदेशाचा अर्थ लावीत चालविले जाते व त्याची आवाहने आणि त्यातील आवर्तने मोजली जातात. संख्या ठराविक मर्यादेपलीकडे गेली, की त्या फंक्शनाचे यांत्रिक भाषेत रूपांतर केले जाते. बहुपातळी पद्धत रूढ होण्यापूर्वी ही मर्यादा मोठ्या सेवासंगणकांसाठी १०,००० व वैयक्तिक संगणकांसाठी १,५०० अशी असे. इतर भाषांतरकांतही आधीच्या फेरीत मोजलेल्या संख्या पुरविल्यास कोणत्या फंक्शनाचे अंतर्वेशन करावे व कोणते आदेश स्मृतीत जवळजवळ ठेवावेत, हे त्यावरून ठरविले जाते. अशा वेळी मोजणीसाठी पुरविलेली माहिती नेहमीच्या वापराशी मिळतीजुळती असणे आवश्यक असते. चाचणीसाठी तयार केलेल्या कृत्रिम माहितीवरून काढलेली रूपरेखा भाषांतरकाला चुकीच्या दिशेने नेऊ शकते.

ज्यांच्या पुढे शून्य येते अशी फंक्शनेही उपयुक्त माहिती देतात. चाचण्यांच्या संपूर्ण संचात एखाद्या फंक्शनाचे एकदाही आवाहन झाले नसेल, तर त्याची चाचणीच झालेली नाही असा अर्थ होतो. प्रत्यक्ष वापरात शून्य आढळले, तर ते फंक्शन निरुपयोगी झाले असण्याची शक्यता असते व ते काढून टाकता येते. परंतु येथे मोजणीचा कालावधी पाहावा लागतो. वर्षअखेरचे हिशेब मिटविणारे फंक्शन मार्च-एप्रिलखेरीज इतर महिन्यांत शून्यच दाखविते, २९ फेब्रुवारीची तारीख हाताळणारे फंक्शन चार-चार वर्षे शून्य दाखविते आणि वीजपुरवठा खंडित झाल्यावर माहिती वाचविणारे फंक्शन तर सर्व सुरळीत असेपर्यंत कधीच मोजणीत येत नाही.